डोळ्याच्या पडद्यातला खळगा : स्पष्ट नजर आणि रंग कुठून येतात?

नजर तपासायला गेल्यावर आपण तक्त्यासमोर सहा मीटरवर बसतो आणि वरच्या मोठ्या अक्षरापासून खालच्या बारीक ओळीपर्यंत वाचत जातो. हॉलंडमधल्या उट्रेख्ट शहरातले नेत्रतज्ज्ञ हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ साली ही पद्धत बसवली. ६/६ नजरेसाठी जी ओळ वाचावी लागते, तिच्यातल्या अक्षराची उंची नऊ मिलिमीटरहून थोडी कमी असते. ते अक्षर डोळ्याच्या आतल्या पडद्यावर उमटते तेव्हा त्याची उंची एका मिलिमीटरचा जेमतेम चाळिसावा भाग उरते. एवढ्याशा प्रतिमेतून ‘घ’ आणि ‘ध’ यांतला फरक आपल्याला कळतो.

हे काम सगळा पडदा करत नाही. पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ११०० चौरस मिलिमीटर असते. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचणारा भाग त्यातला एक चौरस मिलिमीटरही भरत नाही. रंगांची सर्वांत बारीक पारख होते तीही तिथेच. या जागेची रचना पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा लक्षात येते : स्पष्ट दिसावे म्हणून डोळ्याने इथे बरेच काही सोडून दिले आहे. रक्तवाहिन्या सोडल्या, अंधारातली नजर सोडली, अगदी मधोमध तर निळ्या रंगाची जाणीवही सोडली. काय सोडले आणि त्याच्या बदल्यात काय मिळवले, ते क्रमाने पाहू.

पडद्याची बांधणी

आपण ज्याला डोळ्याचा पडदा म्हणतो ते दृष्टिपटल सुमारे पाव मिलिमीटर जाडीचे असते. गर्भात ते मेंदूच्याच फुगवट्यातून तयार होते, त्यामुळे त्याला मेंदूचा बाहेर आलेला भाग मानतात. त्यात पेशींचे तीन मुख्य थर असतात. प्रकाश टिपणाऱ्या पेशी सर्वांत मागे, मधे द्विध्रुवी पेशी आणि सर्वांत पुढे, म्हणजे बाहुलीच्या बाजूला, गँग्लियन पेशी. या गँग्लियन पेशींचे दहा-बारा लाख तंतू एकत्र येऊन दृष्टिचेता बनते आणि मेंदूकडे जाते. याचा अर्थ असा की प्रकाशाला पुढचे सगळे थर ओलांडून मागच्या पेशींपर्यंत पोचावे लागते.

प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या : दंडाकार आणि शंक्वाकार. निशाचर प्राण्यांच्या डोळ्यांत दंडपेशींचाच भरणा असतो. हे पाहून जर्मन शरीरशास्त्रज्ञ माक्स शुल्त्से यांनी १८६६ साली अनुमान काढले की दंडपेशी अंधुक प्रकाशासाठी आहेत, तर शंकुपेशी उजेडातल्या आणि रंगांच्या नजरेसाठी. ते बरोबर ठरले. १९९० साली क्रिस्टीन कर्सिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दान मिळालेल्या मानवी डोळ्यांतल्या पेशींची काळजीपूर्वक मोजणी प्रसिद्ध केली. सरासरी निघाली ती एका डोळ्यात ९ कोटी २० लाख दंडपेशी आणि ४६ लाख शंकुपेशी अशी. वीस दंडपेशींमागे एक शंकुपेशी. तरीही दिवसाचे आपले जवळजवळ सगळे पाहणे या थोड्या शंकुपेशींवर चालते.

खळगा : प्रकाशाला मोकळी वाट

पडद्याच्या मध्यभागी एक पिवळसर डाग असतो. जर्मन वैद्य सॅम्युएल सॉमरिंग यांनी १७९१ साली त्याची नोंद केली. याला पीतबिंदू किंवा मॅक्युला म्हणतात. त्याच्या मधोमध साधारण दीड मिलिमीटर रुंदीचा उथळ खळगा असतो, तो म्हणजे फोव्हिया.

खळगा पडतो, कारण इथे पुढचे थर बाजूला सरकलेले असतात. द्विध्रुवी आणि गँग्लियन पेशी खळग्याच्या कडेला गोळा झालेल्या असतात आणि मधल्या शंकुपेशी आपले लांब तंतू तिरपे काढून त्यांच्यापर्यंत पोचवतात. इतरत्र प्रकाशाला थर ओलांडताना किंचित विखुरावे लागते, इथे तो सरळ शंकुपेशीवर पडतो.

रक्तवाहिन्याही इथे नाहीत. खळग्याच्या मधल्या सुमारे अर्ध्या मिलिमीटरच्या भागात एकही केशवाहिनी शिरत नाही, कारण तिची सावली प्रतिमेवर पडली असती. या भागाला प्राणवायू आणि पोषण मिळते ते मागून, पडद्यापलीकडच्या रक्ताने भरलेल्या थरातून. शरीरातल्या सर्वाधिक ऊर्जा खर्च करणाऱ्या पेशींपैकी काही इथे आहेत, आणि त्यांचा पुरवठा एकाच बाजूने होतो. या भागाच्या नाजूकपणाचे हे एक मोठे कारण आहे.

खळग्याच्या आसपासचा पिवळेपणा येतो ल्युटीन आणि झिॲक्सँथिन या रंगद्रव्यांमुळे. ती शरीरात तयार होत नाहीत. पालकासारख्या पालेभाज्या, मका, अंड्याचा बलक अशा आहारातूनच ती मिळतात. ती निळा प्रकाश शोषतात आणि केंद्रावर येणारा निळ्याचा मारा कमी करतात.

शंकुपेशींची दाटी

पडद्याच्या कडेला शंकुपेशी जाड आणि विरळ असतात. खळग्याच्या तळाशी त्या बारीक, लांबट होऊन एकमेकींना खेटून उभ्या राहतात. कर्सिओ यांच्या मोजणीत केंद्रातली दाटी सरासरी दर चौरस मिलिमीटरला १ लाख ९९ हजार निघाली. माणसामाणसांत ती एक लाखापासून सव्वातीन लाखांपर्यंत बदलत होती. शेजारच्या दोन शंकुपेशींमधले अंतर जेमतेम अडीच मायक्रोमीटर असते. एका मिलिमीटरमध्ये असे हजार मायक्रोमीटर असतात.

आता तक्त्याकडे परत येऊ. ६/६ च्या अक्षरातल्या एका रेषेची पडद्यावरची जाडी सुमारे पाच मायक्रोमीटर भरते. दोन काळ्या रेषांमधली पांढरी फट वेगळी दिसायची असेल, तर रेषांखालच्या शंकुपेशींना कमी आणि फटीखालच्या शंकुपेशींना जास्त प्रकाश मिळायला हवा. अडीच मायक्रोमीटरवर एक शंकुपेशी असेल तर प्रत्येक रेषेला आणि प्रत्येक फटीला दोन-दोन वाट्याला येतात. म्हणून निरोगी तरुण डोळा ६/६ च्या खालची ओळही अनेकदा वाचतो. मात्र शंकुपेशींमधल्या अंतराहून बारीक तपशील भिंग कितीही चांगले असले तरी दिसत नाही.

प्रत्येकीची स्वतंत्र जोडणी

नुसत्या दाटीने काम झाले नसते. शंभर पेशींचे संदेश एकाच तंतूत मिसळले, तर शंभरांचा उपयोग एकाइतकाच. पडद्याच्या कडेला नेमके असेच होते : अनेक दंडपेशींचे संदेश एकत्र करून एकाच गँग्लियन पेशीकडे पाठवले जातात. यामुळे मंद प्रकाशाची बेरीज होऊन तो जाणवतो, पण तो नेमका कुठून आला हे कळत नाही.

केंद्रात एका शंकुपेशीला तिची स्वतःची द्विध्रुवी पेशी मिळते आणि तिथून पुढे स्वतःची गँग्लियन पेशी. खरे तर अशा दोन जोड्या मिळतात. एक प्रकाश वाढल्याचे कळवते, दुसरी प्रकाश कमी झाल्याचे. या पेशी आकाराने इतक्या लहान असतात की त्यांना ‘मिजेट’, म्हणजे बुटक्या, हे नाव पडले आहे. ही खासगी जोडणी मेंदूतही जपली जाते. मेंदूच्या मागच्या भागातल्या प्राथमिक दृष्टिक्षेत्राचा निम्म्याहून अधिक भाग नजरेच्या मधल्या दहा अंशांसाठी राखलेला असतो. बाकी सगळ्या दृश्याला उरलेली जागा.

अंधारात केंद्र का हरवते?

खळग्याच्या अगदी मधल्या, सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर रुंदीच्या भागात दंडपेशी अजिबात नसतात. दाटीसाठी त्यांची जागा शंकुपेशींनी घेतली आहे. याचा प्रत्यय आकाश निरीक्षण करणाऱ्या प्रत्येकाला येतो. काळोख्या माळरानावरून देवयानी दीर्घिकेकडे थेट रोखून पाहिले तर ती पुसट होते किंवा नाहीशीच होते. नजर जरा बाजूला वळवली की तिचा धूसर पट्टा पुन्हा उमटतो, कारण आता तिचा प्रकाश दंडपेशींवर पडतो. दंडपेशी इतक्या संवेदनशील असतात की एका प्रकाशकणालाही प्रतिसाद देऊ शकतात. शंकुपेशींना त्याहून खूप जास्त प्रकाश लागतो.

चांदण्यात रंग दिसत नाहीत तेही यामुळेच. सर्व दंडपेशींत एकच रंगद्रव्य असते, आणि एकाच रंगद्रव्यावर रंग का ओळखता येत नाही, ते पुढे येईलच.

प्रकाशाचा संदेश कसा बनतो?

शंकुपेशी असो वा दंडपेशी, तिच्या टोकाला चकत्यांसारख्या पातळ पडद्यांची उतरंड असते. त्यात ऑप्सिन नावाचे प्रथिन आणि त्याच्या कुशीत ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेला रेटिनाल हा रेणू असतो. प्रकाशकण आदळला की वाकलेला रेटिनाल सरळ होतो. या छोट्या हालचालीने रासायनिक क्रियांची साखळी सुरू होते आणि पेशीच्या भिंतीतली सूक्ष्म दारे बंद होतात.

गंमत अशी की या पेशी अंधारात जास्त कार्यरत असतात. अंधारात त्या पुढच्या पेशीकडे सतत ग्लुटामेट सोडत राहतात. प्रकाश पडला की तो स्राव कमी होतो, आणि ही घटच पुढच्या पेशींसाठी बातमी ठरते.

सरळ झालेला रेटिनाल पुन्हा वाकवून वापरायोग्य करावा लागतो. पडद्यातले ‘अ’ जीवनसत्त्वाचे कार्य उलगडल्याबद्दल जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ साली नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने प्रथम रातांधळेपणा का येतो, याचे उत्तर त्या कामात आहे.

एकटी शंकुपेशी रंग सांगू शकत नाही

आपल्या बहुतेकांच्या डोळ्यांत तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. लघुलहरी शंकुपेशींची संवेदना ४२० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते, मध्यम लहरींच्या शंकुपेशींची ५३० ला, तर दीर्घलहरी शंकुपेशींची ५६० ला. डोळ्यात तीन प्रकारचे ग्राहक असावेत, ही कल्पना थॉमस यंग यांनी १८०१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी पुढे ती विकसित केली. प्रत्यक्ष एकेका शंकुपेशीत प्रकाश सोडून तीन रंगद्रव्ये मोजली गेली ती १९६४ साली.

मात्र ‘ही पेशी लाल पाहते, ती हिरवा पाहते’ असा याचा अर्थ नाही. शंकुपेशीने प्रकाशकण टिपला की तिचा प्रतिसाद तोच असतो, मग तो कण कुठल्याही तरंगलांबीचा असो. तरंगलांबीवरून फक्त तो टिपला जाण्याची शक्यता ठरते. म्हणून मंद हिरवा आणि प्रखर लाल प्रकाश एकाच शंकुपेशीत अगदी सारखाच प्रतिसाद उठवू शकतात. तराजू वजन सांगतो, पारड्यात तांदूळ आहे की डाळ हे सांगत नाही. शंकुपेशीचेही तसेच आहे. रंग कळायला किमान दोन प्रकारच्या पेशींच्या प्रतिसादांची तुलना व्हावी लागते.

याचा पुरावा रोज आपल्या हातात असतो. मोबाइलच्या पडद्यावर पिवळा प्रकाश देणारा एकही ठिपका नसतो. तिथे लाल, हिरवे आणि निळे असे तीनच प्रकारचे ठिपके असतात. लाल आणि हिरवे ठिपके ठरावीक प्रमाणात उजळले की मध्यम आणि दीर्घ लहरींच्या शंकुपेशींत तेच गुणोत्तर तयार होते, जे खऱ्या पिवळ्या प्रकाशाने झाले असते. गुणोत्तर सारखे, म्हणून रंगही सारखा.

रंगांची वजाबाकी

ही तुलना मेंदूपर्यंत थांबत नाही, ती पडद्यातच सुरू होते. एवाल्ट हेरिंग या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात एक साधी गोष्ट हेरली : आपल्याला निळसर हिरवा दिसतो, तांबूस पिवळा दिसतो, पण लालसर हिरवा किंवा निळसर पिवळा कधीच दिसत नाही. त्यावरून त्याने लाल-हिरवा आणि निळा-पिवळा अशा परस्परविरोधी जोड्या मांडल्या. यंग यांचे तीन ग्राहक की हेरिंगच्या जोड्या, हा वाद बरीच वर्षे चालला. शेवटी दोन्ही बरोबर ठरले, फक्त वेगवेगळ्या पायऱ्यांवर. पेशी तीन प्रकारच्या, पण पुढे जातात ते त्यांच्यातले फरक.

मध्यम आणि दीर्घ लहरींच्या प्रतिसादांची बेरीज झाली की उजेड आणि बारीक आकार कळतात. त्याच दोघांची वजाबाकी झाली की लाल-हिरव्याचा भेद कळतो. या दोघांच्या बेरजेतून लघुलहरींचा प्रतिसाद वजा केला की निळा-पिवळा. शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या आडव्या पेशी या हिशेबात मोठा वाटा उचलतात. झेंडूच्या पिवळ्याधमक फुलाकडे अर्धा मिनिट टक लावून पाहून पांढऱ्या भिंतीकडे पाहिले की निळसर छाया दिसते, ती या जोडीतली एक बाजू थकल्यामुळे.

केंद्रात स्पष्टता आणि लाल-हिरवा रंग यांची सांगड विशेष घट्ट आहे. तिथल्या मिजेट पेशीच्या मध्यभागी एकच शंकुपेशी आणि भोवती संमिश्र शंकुपेशींचा प्रभाव असतो. त्यामुळे जी जोडणी बारीक रेषा दाखवते, तीच रंगातला फरकही कळवते.

१९९९ साली ऑस्टिन रूर्डा आणि डेव्हिड विल्यम्स यांनी खगोलशास्त्रातली तंत्रे वापरून जिवंत माणसाच्या डोळ्यातल्या तीन प्रकारच्या शंकुपेशींची चित्रे मिळवली. एका व्यक्तीच्या डोळ्यात दीर्घलहरी शंकुपेशी मध्यमलहरींच्या जवळजवळ चौपट निघाल्या, दुसरीच्या डोळ्यात दोन्ही जवळपास सारख्याच. पेशींच्या प्रमाणात एवढी तफावत असूनही दोघांची रंगदृष्टी सामान्य होती.

अगदी मधोमध निळा नाही

लघुलहरी शंकुपेशी एकूण शंकुपेशींच्या पाच ते दहा टक्केच असतात, आणि खळग्याच्या अगदी मधोमध तर एकही नसते. डोळ्याचे भिंग वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश एकाच जागी केंद्रित करू शकत नाही. लाल-हिरवा प्रकाश पडद्यावर नेमका जुळला की निळा धूसरच राहतो. धूसर प्रतिमेसाठी सर्वांत मोलाच्या जागी पेशी बसवून उपयोग नव्हता. म्हणून एखादा फारच बारीक निळा ठिपका नेमका केंद्रावर पडला तर त्याचा निळेपणा ओळखता येत नाही. ही उणीव आपल्याला जाणवत नाही, कारण डोळा क्षणभरही स्थिर नसतो आणि मेंदू आजूबाजूच्या माहितीवरून रंग भरून काढतो.

रंगांधत्व

मध्यम आणि दीर्घ लहरींच्या रंगद्रव्यांची जनुके एक्स गुणसूत्रावर शेजारीशेजारी असतात आणि एकमेकांशी फार मिळतीजुळती असतात. त्यामुळे पेशीविभाजनाच्या वेळी त्यांची अदलाबदल होऊन एखादे गळते किंवा दोघांचे मिश्रण होते. पुरुषांत एक्स गुणसूत्र एकच असल्याने लाल-हिरव्याचे रंगांधत्व त्यांच्यात जास्त आढळते. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत ते सुमारे आठ टक्के, तर स्त्रियांत अर्धा टक्का आहे. अशा व्यक्तींची नजर बहुधा ६/६ असते. त्यांच्याजवळ पेशी पुरेशा असतात, तुलनेसाठी लागणारा फरक तेवढा नसतो किंवा कमी असतो.

रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १७९४ साली मँचेस्टरमध्ये स्वतःच्या या वैगुण्याचे वर्णन केले. आपल्या डोळ्यातला द्रवच निळा असावा, असा त्यांचा समज होता, आणि मृत्यूनंतर डोळे तपासावेत अशी त्यांची इच्छा होती. १८४४ साली तपासणी झाली तेव्हा द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या ऊतीतल्या डीएनएची १९९५ साली तपासणी झाली तेव्हा मध्यम लहरींच्या रंगद्रव्याचे जनुक गायब असल्याचे कळले.

रेल्वेच्या लाल-हिरव्या दिव्यांमुळे रंगदृष्टीच्या चाचणीला महत्त्व आले. स्वीडनमधल्या १८७५ च्या लागरलुंडा रेल्वे अपघातानंतर फ्रिथिओफ होल्मग्रेन यांनी रंगीत लोकरीच्या लडी जुळवण्याची चाचणी प्रचारात आणली. आज वापरल्या जाणाऱ्या रंगीत ठिपक्यांतल्या आकड्यांच्या पाट्या जपानच्या शिनोबू इशिहारा यांनी १९१७ साली प्रसिद्ध केल्या. आपल्याकडेही रेल्वे चालकाच्या भरतीत रंगदृष्टी तपासली जाते.

डोळा सतत का फिरतो?

केंद्राने पाहिलेला तुकडा हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढा असतो. दहा अंश बाजूला गेले की नजर साधारण पाचव्या भागावर येते. तरीही समोरचे सगळे दृश्य स्वच्छ भासते, कारण डोळा सेकंदाला सुमारे तीन वेळा उडी मारतो आणि महत्त्वाची प्रत्येक गोष्ट खळग्यावर आणतो. वाचतानाही डोळा ओळीवरून सरकत नाही, शब्दांवरून उड्या घेत जातो. कडेचा पडदा कुठे पाहायचे ते सुचवतो, खळगा ते तपासतो.

केंद्र बिघडते तेव्हा, आणि त्याआधी

काचबिंदूत नजरेची कड आधी जाते. मॅक्युला बिघडला तर उलट होते. माणूस घरात न अडखळता फिरतो, पण बसची पाटी वाचता येत नाही, सुई ओवता येत नाही, समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही. वयोमानाने होणारी मॅक्युलाची झीज आणि मधुमेहाने येणारी पडद्याची सूज ही याची दोन मोठी कारणे आहेत. सूज आली की सरळ रेषा वाकड्या दिसू लागतात. स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क अम्स्लर यांचा चौकटींचा तक्ता यासाठीच आहे. एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे पाहायचे आणि भोवतीच्या रेषा सरळ आहेत का ते बघायचे. दुसऱ्या डोळ्यासाठी तेच करायचे. एकेक डोळा झाकणे महत्त्वाचे, कारण चांगला डोळा दुसऱ्याचे दुखणे महिनोन्‌महिने झाकून ठेवतो.

सूर्याकडे, ग्रहणातल्या कोरीकडेसुद्धा, उघड्या डोळ्यांनी पाहिले तर सूर्याची प्रतिमा नेमकी खळग्यावर पडते. पडद्याला वेदना कळत नाहीत, त्यामुळे इजा होताना काहीच जाणवत नाही.

लहान मुलांचा प्रश्न वेगळा आहे. जन्मतः हा खळगा अपुरा असतो. शंकुपेशी पुढची काही वर्षे केंद्राकडे सरकत, दाटत राहतात, आणि मेंदूची जोडणीही याच काळात पक्की होते. या वयात एका डोळ्याची प्रतिमा सतत धूसर राहिली, तर तो ‘आळशी’ होतो, आणि पुढे चष्मा लावूनही त्याची पूर्ण भरपाई होत नाही. म्हणून मुलाची नजर शाळेत जाण्याआधी एकेका डोळ्याने तपासून घ्यावी.

मोतीबिंदू झाला तर भिंग बदलता येते. पारपटल खराब झाले तर नेत्रदानातून नवे मिळू शकते. पडदा मात्र बदलता येत नाही, आणि मधुमेहातली पडद्याची हानी सुरुवातीला कुठलेच लक्षण दाखवत नाही. वेळेवर कळली तर लेझर आणि डोळ्यातली इंजेक्शने बरीच नजर वाचवू शकतात. त्यामुळे मधुमेह असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्यावा. चष्म्याचा नंबर बदलला नसला आणि तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येत असली, तरीही.